कारखाना कशास म्हणावे?

सुरतेच्या कतारगाम भागात 'कारखाना' हा शब्द दिवसभर कानांवर पडत असतो. दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, खोलीत तीन-चार घंट्या, आणि प्रत्येक घंटीभोवती मान खाली घालून हिऱ्याला पैलू पाडीत बसलेले चौघे जण, एवढ्याला तेथे कारखाना म्हणतात. घंटी म्हणजे फिरती चकती बसवलेले घासकामाचे मेज. घरधनी कारखान्यावर गेले आहेत, कारखान्याला सुट्टी लागली, दिवाळीनंतर कारखाना उघडलाच नाही, ही वाक्ये सुरती, काठियावाडी, खान्देशी अशा सगळ्या तोंडांतून सारखीच येतात. या शब्दाच्या अर्थाविषयी तेथे कोणाच्याही मनात संदेह नाही.

हाच शब्द कायद्याच्या पुस्तकात शिरला की त्याला आकडे चिकटतात. १९४८ च्या कारखाना अधिनियमाने सांगितले की, विजेच्या साहाय्याने काम चालत असेल तर निदान १० माणसे हवीत, वीज नसेल तर २०. मगच तो कारखाना. २०२० च्या संहितेने हे आकडे २० आणि ४० केले, आणि ती संहिता नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. म्हणजे १५ माणसांचा एखादा कारखाना केंद्राच्या या व्याख्येनुसार एका रात्रीत कारखाना राहिला नाही. घंट्या त्याच, माणसे तीच, जिन्यावरची पायताणेही तितकीच. शब्दाच्या आतला आकडा मात्र बदलला.

भाषेचा प्रश्न म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे पाट्या, शाळा आणि सातबारावरील नावे येतात. ते साहजिकच आहे. परंतु रोजच्या शब्दाचा अर्थ न्यायालयात कसा ठरतो, हाही भाषेचाच प्रश्न आहे, आणि सीमेपलीकडे राहून दुसऱ्याच्या लिपीत सह्या करणाऱ्या आपल्या माणसांच्या दृष्टीने तो थेट पोटाचा प्रश्न आहे. आम्ही कायद्याचे पदवीधर नव्हे. तरी कागद वाचून दाखवण्याच्या आणि अर्ज लिहून देण्याच्या निमित्ताने हा विषय आमच्या पुढ्यात वारंवार आला, म्हणून त्याची जी उकल आम्हांस झाली ती येथे मांडीत आहोत.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की, कायद्यातील बहुतेक शब्द कायद्याने घडवलेले नसतात. भाजी, कोळसा, काच, साखर, कापड, कामगार हे शब्द लोकांच्या तोंडचे उचललेले असतात. ज्या शब्दाची व्याख्या कायद्याने स्वतः दिली आहे, तेथे व्याख्याच चालते. जेथे दिलेली नाही, तेथे न्यायालय सहसा विचारते की, जे लोक ही वस्तू विकतात आणि विकत घेतात, ते तिला काय म्हणतात? शास्त्रज्ञ काय म्हणतो हे नंतर. कोशाची मदत घेतली जाते, पण कोशातला अर्थ अखेरचा मानला जात नाही.

याचा उत्तम दाखला आपल्या वऱ्हाडातला आहे. मध्यप्रांत व वऱ्हाड विक्रीकर कायदा १९४७ चा. त्यात भाजीवर कर नव्हता. अकोल्याच्या एका पानांच्या व्यापाऱ्यावर विक्रीकर लागला, तेव्हा त्याने सर्वोच्च न्यायालयात म्हणणे मांडले की, विड्याचे पान हीदेखील भाजीच आहे. ती वनस्पती आहे, हिरवी आहे, खाल्ली जाते. १९६१ मध्ये निकाल लागला तो त्याच्या विरुद्ध. न्यायालयाने म्हटले की 'व्हेजिटेबल' हा शब्द वनस्पतिशास्त्राच्या अर्थाने घ्यायचा नाही. घरच्या परसात वा मळ्यात पिकवून जेवणाच्या पानावर वाढले जाते, तेच लोकांच्या लेखी भाजी. शिवाय मूळ यादीत भाजी आणि विड्याची पाने ही दोन स्वतंत्र नावे होती, आणि १९४८ मध्ये पानांचे नाव काढून टाकले होते. पाने भाजीतच मोडत असती, तर त्यांचे नाव वेगळे लिहिण्याचे कारण काय होते?

ज्याच्या घरी जेवणानंतर विडा लावला जातो, त्याला हा निकाल पटल्यावाचून राहणार नाही. अळूचे पान चिरले की भाजी होते; नागवेलीचे पान कितीही चिरले तरी पातेल्यात जात नाही. त्याचा मळासुद्धा वेगळा, पानमळा. आपला 'भाजीपाला' हा शब्द पाल्याला पोटात घेतो, तरीही विड्याच्या पानाला घेत नाही. मराठी बोलणाऱ्या कोणत्याही गृहिणीने हे एका वाक्यात सांगितले असते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८९३ मध्ये टोमॅटोविषयी असाच निर्णय दिला होता: वनस्पतिशास्त्र त्याला फळ म्हणते, पण तो जेवणात भाजीच्या जागी वाढला जातो, म्हणून आयातकरासाठी तो भाजी.

कतारगामात याचे चालतेबोलते उदाहरण म्हणजे पापडी. कतारगामची पापडी सुरतेत नावाजलेली आहे. तिच्यावाचून सुरती उंधियूला चव नाही, असे तेथील जुनी मंडळी सांगतात. आज त्या शेतांच्या जागी बहुतेक इमारती उभ्या आहेत, तरी हिवाळ्यात बाजारात पापडी आली की भाजीवाल्याच्या टोपलीत कतारगामचे नाव घेतले जाते. आपण तिच्या जातभाईला वालपापडी म्हणतो. शेंग हिरवी आहे तोवर ती भाजी. तीच वेलीवर वाळली, दाणे निघाले, पोत्यात भरले, की तिचे नाव वाल आणि जात कडधान्य. बीज एकच असले तरी बाजार त्याला दोन नावांनी ओळखतो आणि दोन ठिकाणी ठेवतो. न्यायालयाला 'लोकव्यवहारातील अर्थ' म्हणून जे हवे असते ते हेच: वस्तू कोणत्या नावाने, कोणत्या दुकानात, कशासाठी मागितली जाते.

पण बाजाराची साक्ष नेहमीच निर्णायक ठरते असे नाही. पताशा, हारडा आणि अलचीदाणा यांवरील विक्रीकराचा गुजरातेतील खटला १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. पताशा म्हणजे आपला बत्तासा, अलचीदाणा म्हणजे वेलदोड्याचा वास दिलेला साखरेचा दाणा, आणि हारडा म्हणजे होळी-पाडव्याला मुलांच्या गळ्यात व गुढीवर शोभणारी साखरेची गाठी. कायदा होता मुंबई विक्रीकर कायदा १९५९. १ मे १९६० रोजी राज्ये दोन झाली, तरी हा कायदा दोन्हीकडे वारसा म्हणून चालत राहिला होता. प्रश्न होता, ही साखर की साखरेचे पदार्थ? बाजारात कोणीही 'एक किलो साखर द्या' म्हटल्यावर गाठी देणार नाही. तरीही न्यायालयाने या तिन्ही वस्तू साखरच ठरवल्या. कारण कायद्याने साखरेची व्याख्या केंद्रीय उत्पादनशुल्काच्या कायद्यावरून घेतली होती, आणि ती व्याख्या होती नव्वद टक्क्यांहून अधिक सुक्रोज असलेली कोणत्याही रूपातील साखर. व्याख्येने 'कोणत्याही रूपातील' म्हटले, तेथे बाजाराचे बोलणे थांबले. त्या दिवशी व्याख्या विक्रेत्याच्या फायद्याची होती. ती नेहमी दुर्बळाच्या फायद्याचीच असते असे मात्र नाही, आणि कतारगामच्या 'कारखान्या'चे जे झाले ते याच नियमाने झाले.

नागपूरकडून गेलेला आणखी एक वाद पाहा. लाल दंतमंजन हे औषध की प्रसाधन? उत्पादकाचे म्हणणे होते की त्यातील द्रव्ये आयुर्वेदाच्या ग्रंथांत सांगितलेली आहेत, म्हणून ते औषध. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये आणि पुन्हा २००९ मध्ये सांगितले की, लोक ते वैद्याच्या सांगण्यावरून घेत नाहीत. सकाळी दात घासण्यासाठी घेतात. अर्थात ते प्रसाधन. येथे वैद्यकाच्या ग्रंथापेक्षा मोरीतला डबा मोठा ठरला.

ही पद्धत आम्हांस मुळात आदरणीय वाटते. देशातील सर्वोच्च न्यायपीठ शब्दाचा अर्थ ठरवताना अकोल्याच्या बाजारात काय बोलतात ते ऐकते, यात लोकभाषेचा सन्मान आहे. परंतु तिच्या पोटात एक प्रश्न दडला आहे: न्यायालय ज्याचे बोलणे ऐकते, तो 'लोक' कोण? त्याचे बोलणे न्यायालयापर्यंत नेतो कोण?

हिऱ्याच्याच उदाहरणाने हे स्पष्ट होईल. खाणीतून आलेला कच्चा हिरा हा गोंदाच्या खड्यासारखा मंद दिसतो. त्याचा घाट पाडला जातो, तळिया होतो, मथाळा होतो, पेल पाडले जातात, आणि हातोहात फिरून जे बाहेर येते ते अंगठीत बसणारे रत्न. आयकरात नवी वस्तू निर्माण करणाऱ्या उद्योगांना सवलत होती. हिऱ्याला पैलू पाडणाऱ्या एका व्यवसायाने ती मागितली. या शतकाच्या आरंभी सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली. कच्च्या हिऱ्यावर प्रक्रिया होऊन पैलूदार हिरा होतो हे खरे. पण त्याने निराळी, नवी वस्तू निर्माण झाली असे म्हणण्याजोगे काही दप्तरात दाखल नाही, हा त्या निकालाचा आशय.

'दप्तरात दाखल नाही' हे शब्द आम्हांस फार महत्त्वाचे वाटतात. कतारगामच्या कोणत्याही ओट्यावर विचारा, कच्चा माल आणि तयार माल या दोन वस्तू आहेत की एक? दोघांचे व्यापारी वेगळे, पुड्या वेगळ्या, भाव ठरवण्याची रीत वेगळी. परंतु ओट्यावर बोलले जाते ते आपोआप न्यायालयाच्या दप्तरात जात नाही. ते कोणीतरी न्यावे लागते: बिले, साक्षी, शपथपत्रे, कामाच्या पायऱ्यांचे वर्णन या रूपाने. पुढे २००९ मध्ये संगमरवराच्या खटल्यात नेमके हेच घडले. दगडाच्या ठोकळ्यापासून चकाकती फरशी होईपर्यंतची एकेक पायरी न्यायालयापुढे मांडलेली होती, आणि निकाल उद्योगाच्या बाजूने लागला. अर्थ लोकांच्या तोंडी असतोच. तो पुराव्यात उतरवणारा माणूस भेटला की तो टिकतो.

व्यापाऱ्याला असा माणूस भेटतो. त्याच्याकडे वकील आहे, हिशेबनीस आहे, मंडळ आहे. घंटीवर बसणाऱ्याचे काय? येथून पुढचा विषय माणसांच्या नावांचा आहे, आणि तो वस्तूंच्या नावांइतका गमतीचा नाही.

नागपूरच्या विडी कामगारांचा खटला जुना आहे. विड्या वळणारे कारखान्यात येत, हजारावर मजुरी घेत, यायला-जायला ठरावीक वेळ नव्हती. त्यांनी कारखाना अधिनियमाखाली पगारी रजा मागितली. मालकांचे म्हणणे, हे आमचे कामगार नव्हेतच. हे आपल्या मर्जीने येणारे स्वतंत्र कारागीर. सर्वोच्च न्यायालयाने त्यांना कामगार मानले: काम कारखान्यातच करावे लागते, खराब विडी फेकून देण्याचा अधिकार मालकाचा आहे, तेवढे नियंत्रण पुरेसे आहे. त्यानंतर वर्षभराच्या आतबाहेर, महाराष्ट्रातूनच गेलेल्या दुसऱ्या एका विडीच्या खटल्यात त्याच न्यायालयाच्या बहुमताने उलट निर्णय दिला, आणि न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी त्यात आपले वेगळे मत नोंदवले. हात तेच, पान-तंबाखू तेच, 'विडी कामगार' हे लोकांच्या तोंडचे नावही तेच. एकदा तो कामगार ठरला, एकदा नाही. अखेर १९६६ मध्ये संसदेला विडी कामगारांसाठी स्वतंत्र कायदा करावा लागला, आणि त्यात घरी बसून विड्या वळणाऱ्यांनाही स्थान मिळाले.

याच्या उलट, मुंबईच्या जे. जे. रुग्णालय समूहातील वॉर्डसेवकांचा खटला. कामावरून कमी केलेल्या या माणसांचे भवितव्य 'उद्योग' या शब्दावर टांगलेले होते. रुग्णालयाला बोलण्यात कोणी उद्योग म्हणत नाही. सरकारचे म्हणणे होते की व्याख्येतील 'व्यवसाय' हा शब्द त्याच्या शेजारच्या व्यापारधंद्याच्या शब्दांसारखाच वाचावा. हा नियम कायद्याला मान्य आहे. आपण त्याला 'ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला' असे म्हणतो. परंतु १९६० मध्ये न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांनी सांगितले की, जेथे विधिमंडळाने हेतुपूर्वक व्यापक शब्द घातले आहेत, तेथे शेजाऱ्याच्या गुणाने त्यांना आखडून टाकता येणार नाही. रुग्णालय उद्योग ठरले आणि वॉर्डसेवकांना दाद मिळाली. ज्या कायद्याचा हेतू श्रमिकाचे रक्षण हा आहे, त्यातील शब्द उदार अर्थाने वाचावा, हे तत्त्व न्यायालयांनी पुढेही अनेकदा मान्य केले आहे.

आता गौरवाच्या शब्दांकडे वळू, कारण आमच्या मते आपल्या समाजाची सर्वांत मोठी फसगत तेथे होते. गोव्यातील एका शिक्षिकेने आपल्या बडतर्फीविरुद्ध औद्योगिक विवादाच्या कायद्याखाली दाद मागितली, तेव्हा १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की शिक्षक हा त्या कायद्यातील कामगार नव्हे. विद्यादान हे उदात्त कार्य आहे, ते हातकाम, कारकुनी वा तांत्रिक काम यांत बसत नाही. अहमदाबादच्या प्राथमिक शिक्षकांना २००४ मध्ये त्याच वाटेने उपदान, म्हणजे ग्रॅच्युइटी, नाकारले गेले. शेवटी २००९ मध्ये संसदेने व्याख्या बदलून, आणि तीही १९९७ पासून लागू करून, शिक्षकांना त्यांचे पैसे मिळवून दिले. आपणही शिक्षकाला गुरुजी म्हणून नमस्कार करतो. त्या आदराला कोणी नावे ठेवणार नाही. पण आदराचा शब्द जर हक्काच्या यादीतून नाव खोडण्याच्या कामी येत असेल, तर आदर आणि हक्क यांची गल्लत कोठे होते ते पाहिले पाहिजे.

कतारगाम-वराछाच्या हिरेउद्योगात असेच एक नाव रुळले आहे. पूर्वी घंटीवरच्या माणसाला 'हीराघसू' म्हणत. हिरे घासणारा, इतकाच अर्थ, आणि त्यात थोडी हेटाळणीही. आता त्याला सर्वत्र 'रत्नकलाकार' म्हणतात. किती देखणा शब्द आहे! २०२५ मध्ये गुजरात सरकारने मंदीत काम गेलेल्यांसाठी मदतीची योजना जाहीर केली, मुलांच्या शाळेच्या शुल्काचा भार उचलण्याची तरतूद तिच्यात होती, आणि तीही 'रत्नकलाकार' याच नावाने. म्हणजे हा शब्द पोकळ आहे असे आम्ही म्हणणार नाही. त्याच्या नावे काही मदत लाभू शकते. परंतु भविष्यनिर्वाह निधी, उपदान, पगारी रजा या गोष्टी कायदा 'कलाकारा'ला देत नाही. तो त्या 'कामगारा'ला वा 'कर्मचाऱ्या'ला देतो. गंमत अशी की 'कामगार' हा आपला शब्ददेखील मोठ्या घरातून आलेला आहे. जुन्या मराठी कागदपत्रांत 'मुलकी कामगार' म्हणजे महसुलाचा अधिकारी. तो शब्द मानाने खाली आला आणि हक्काने वर चढला. 'कलाकार' अजून केवळ मानाच्या पायरीवर उभा आहे.

आमच्या अनुभवातील एक प्रसंग येथे सांगणे योग्य होईल. नंदुरबारकडचा एक गृहस्थ, दहा-बारा वर्षे कतारगामात घंटीवर बसलेला, एक कागद घेऊन आमच्याकडे आला. त्याच्या कारखान्याचे नाव आम्ही सांगणार नाही. तसे कारखाने अनेक आहेत. कागद गुजरातीत होता आणि खाली त्याची मराठीतली सही. मजकूर दोनच ओळींचा: माझा पूर्ण 'हिसाब' मला मिळाला आहे, आता काही घेणे राहिले नाही. तो म्हणाला, "महिन्याचा हिशेब म्हणून सही केली." आपल्या 'हिशेबा'चा आणि गुजराती 'हिसाबा'चा जन्म एकाच अरबी शब्दातून झालेला, पण तिकडच्या कामाच्या बोलीत 'हिसाब घेतला' म्हणजे काम सोडून शेवटची देणी चुकती करून घेतली. त्याच्या शब्दात महिना संपला होता, कागदाच्या शब्दात दहा-बारा वर्षे संपली होती. "आम्ही कामगार आहोत की नाही, तेवढं सांगा," असे त्याने विचारले. त्याच्याजवळ हजेरीचे कार्ड नव्हते, पगाराची चिठ्ठी नव्हती. खिशात मजुरीचे आकडे लिहिलेली एक छोटी वही तेवढी होती. आम्ही त्याला ती वही जपून ठेवण्यास सांगितले आणि कामगार आयुक्तालयाकडे अर्ज लिहून दिला. त्या अर्जाचे उत्तर हे लिहीपर्यंत आलेले नाही.

एकाच आईची लेकरे असलेले शब्द सीमा ओलांडताच असे परके होतात. 'राजीनामा' मराठीत, गुजरातीत, कन्नडातही नोकरी सोडण्याचा कागद. हिंदी कचेरीत मात्र राजीनामा म्हणजे दोन पक्षांतील तडजोड. तडजोडीच्या कागदावर मराठी माणूस सही करायला कचरेल, आणि नोकरी सोडण्याच्या कागदावर हिंदी माणूस तडजोड समजून सही करील. बेळगाव असो, बिदर असो वा सुरत, या धोक्याला सीमावासीयाइतका कोणी सामोरा जात नाही.

त्यात भर अशी की, न्यायालय ज्या शब्दाचा लोकव्यवहारातील अर्थ शोधते, तो शब्द बहुधा इंग्रजी असतो. संविधानाच्या ३४८ व्या अनुच्छेदानुसार राज्याने आपल्या भाषेत कायदा केला तरी राज्यपालांच्या अधिकाराने प्रसिद्ध झालेला इंग्रजी पाठ प्रमाण धरला जातो. १९९६ च्या बिहारमधील एका खटल्यात अनुसूचित जमातींच्या यादीच्या इंग्रजी पाठात 'लोहारा' होते आणि हिंदी भाषांतरात 'लोहार'. इंग्रजी पाठ ग्राह्य ठरला, आणि लोहारांचा दावा गेला. एका कान्याने एका समाजाची वाट बदलली. मग 'व्हेजिटेबल' या शब्दाला अकोल्याची भाजीवाली काय म्हणेल, असे विचारताना आपण वस्तुतः तिला तिच्या भाषेत नसलेल्या शब्दाचा अर्थ विचारीत असतो. वस्तू व सेवा कराच्या यादीत 'साधी चपाती किंवा रोटी' असे शब्द होते. पराठा त्यात बसत नाही, म्हणून त्यावर १८ टक्के कर, असे गुजरातच्या अपील प्राधिकरणाने २०२२ मध्ये ठरवले. सप्टेंबर २०२५ मध्ये परिषदेने रोटी आणि पराठा दोन्ही करमुक्त केले, तो वाद संपला. तोवर आमच्या मनात एकच विचार येई: या यादीत पोळी कोठे आहे, आणि कळण्याची भाकरी कोठे आहे? ती 'रोटी'त धरायची असेल, तर ते सांगायला आपल्यापैकी कोणी तेथे हजर होते का?

वाचकहो, यातून काय करावे असे आम्हांस वाटते ते सरळ सांगतो. पहिले, आपल्या कामाच्या कागदावर कोणता शब्द लिहिला आहे तो पाहा. कारागीर, कलाकार, भागीदार, ठेकेदार, मदतनीस यांपैकी प्रत्येकाचा कायद्यात निराळा भाव आहे. शब्द बदलून मागता येत नसेल, तरी प्रत्यक्ष स्थिती सांगणारे पुरावे जवळ ठेवा: मजुरीची वही, बँकेत जमा झालेल्या रकमा, कामाच्या वेळांचे निरोप, सोबत्यांची नावे. विडीच्या खटल्यांनी एवढे तरी शिकवले की, नावाला काय म्हणतात यापेक्षा काम कोणाच्या नियंत्रणाखाली चालते हे न्यायालय पाहते, आणि ते दाखवावे लागते. दुसरे, न कळणाऱ्या लिपीतील कागदावर सही करण्याआधी तो मोठ्याने वाचून घ्या, आणि सहीशेजारी आपल्या भाषेत 'महिन्याची मजुरी मिळाली' असे आपल्याला अभिप्रेत असलेले शब्द लिहा. तिसरे, संविधानाचा ३५० वा अनुच्छेद लक्षात ठेवा. आपल्या गाऱ्हाण्याचा अर्ज संघराज्यात वा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देण्याचा हक्क प्रत्येकास आहे. सुरतेत महानगरपालिकेच्या मराठी शाळा चालतात. मराठी ही त्या शहरात वापरली जाणारी भाषा आहे, हे वेगळे सिद्ध करण्याची आवश्यकता नाही.

आणि जे शिकलेले आहेत, त्यांच्याकडे आमची आणखी एक मागणी आहे. आपण म्हणी गोळा करतो, ओव्या गोळा करतो. त्याच आस्थेने कामाचे शब्द गोळा करा. घंटीवर, यंत्रमागावर, भरतकामाच्या यंत्रावर, भाजीबाजारात आपली माणसे कोणत्या वस्तूला, कोणत्या कामाला, कोणत्या देण्याघेण्याला काय म्हणतात, तो शब्द गुजरातीत कसा आहे आणि अर्थ कोठे फाटतो, हे वर्षासह, गावासह लिहून ठेवा. 'घाट', 'तळिया', 'मथाळा', 'पेल', 'हिसाब' या पाच शब्दांची टिपणे आम्ही केली आहेत. उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोली येथील मंडळींनी कापडाच्या धंद्यातील शब्द पाठवावेत. बोलभाषेचा अर्थ ठरवण्याची वेळ येईल तेव्हा न्यायाधीश दप्तरात काय आहे ते पाहतील, आणि तेव्हा ही टिपणे कामी येतील.